कळ निघाली म्हणजे गुण आला?

डोळ्यांत पाणी येईपर्यंत रगडले तरच मालिश अंगी लागते, हा समज आपल्याकडे तालमीपासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पक्का रुजलेला आहे. कळ निघते तिथेच दोष दडलाय आणि अंगठा जितका खोल रुतेल तितका तो लवकर सुटेल, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे आणि कधी कधी महागात पडतो.

जोरात दाबल्यावर बरे वाटते, हे मात्र खरे. कोपर आपटले की आपण नकळत ते चोळतोच. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी त्याचे कारण मांडले: स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट अडते. शिवाय एका जागी तीव्र कळ निघाली, की मज्जासंस्था काही काळ बाकीची दुखणीही दाबून धरते. रगडून घेतल्यावर अंग हलके वाटते ते यामुळे. अंगठ्याने आतली गाठ फुटली म्हणून नव्हे. मांडीच्या बाहेरच्या अंगाला स्नायूंवर जे जाड आवरण असते, ते जरासे ताणायलाही माणसाच्या हातात नाही एवढे बळ लागते. आखडलेला स्नायू सैल होतो तो मज्जासंस्था निवळल्यामुळे, आणि त्याला सोसवेल असा, संथ दाब पुरतो. सोसवेना झाले की माणूस श्वास रोखून अंग आवळून घेतो, मग स्नायू सुटणार कसा? दुसऱ्या दिवशी दिसणारे काळेनिळे डाग म्हणजे ‘वाईट रक्त’ बाहेर पडल्याची खूण मुळीच नाही. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, एवढेच.

व्यायामानंतर साचलेले लॅक्टिक आम्ल मालिशीने निघते, असे जिममध्ये आजही सांगतात. ते आम्ल तासाभरात आपोआप निवळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात, त्या स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. मालिशीने हे दुखणे थोडे कमी होते. हलक्या हातानेही होते.

पाठीत उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय लावून घेण्याची रीत खेडोपाडी आहे. गुण आल्याचे लोक मनापासून सांगतात, आणि त्यांना बरे वाटलेले असतेच. पण अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण सुटते, मग शेवटी जो उपाय केला त्याला श्रेय मिळते. मालिशीलाही हे लागू आहे. कंबरदुखीवरच्या मालिशीच्या २५ चाचण्या तपासणाऱ्या, ‘कॉक्रेन’ या संशोधन-संस्थेच्या २०१५च्या आढाव्यात थोड्या काळापुरता आराम दिसला, पण त्या पुराव्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही, असाच निष्कर्ष निघाला. काही काळाचा आरामही मोलाचा असतो. तेवढ्यात माणूस उठून चालू-फिरू लागतो, आणि कंबरेला त्याचाच खरा उपयोग होतो.

सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घेणे मात्र बंदच करावे. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा. हाड ‘जागेवर बसल्याचा’ नव्हे. त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी चिरून पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडते, पण घडते.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बाळंतिणींची. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. मोठे ऑपरेशन झालेल्यांनाही तो असतो. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर ‘शीर आखडली’ म्हणून ती चोळायची नाही. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एरवी मालिश चालू असताना दुखले तर बाळंतिणीने मालिश करणाऱ्या बाईंना “मावशी, हात हलका ठेवा” असे म्हणावे आणि मावशींनी ते ऐकावे. पण पोटरी अशी दिसली तर तेलाची वाटी बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर त्याच घटकेला.