दम आला, पण हाड भरले का?

लांब पल्ल्याचे धावपटू जखमी होतात ते बहुधा पडून नव्हे, पळून. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला रोजच्या हादऱ्याने केसासारखी बारीक चीर जाते. तिला 'स्ट्रेस फ्रॅक्चर' म्हणतात. भरतीची तयारी करणारी मुले आणि अलीकडे हाफ मॅरेथॉनसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारे चाळिशीतले गृहस्थ, दोघांतही ती आढळते. चार आठवडे विश्रांती झाली की दुखणे थांबते आणि रुग्ण विचारतो, "डॉक्टर, आता पळू ना?" केवळ दुखणे थांबले म्हणून या प्रश्नाला 'हो' म्हणता येत नाही.

हाड म्हणजे सिमेंटचा खांब नव्हे. ते जिवंत असते आणि त्याची डागडुजी सतत चालू असते. ताण पडला की काही पेशी झिजलेला भाग पोखरून काढतात आणि दुसऱ्या पेशी तेथे नवे हाड भरतात. पोखरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते, भरण्याला मात्र साधारण तीन महिने लागतात. मधल्या काळात हाड नेहमीपेक्षा कच्चे असते. सराव एकदम वाढवणाऱ्याची नडगी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखू लागते, त्याचे एक कारण हेच.

उलट हृदय आणि फुप्फुसे लवकर वळणावर येतात. सायकल चालवली, विहिरीत पोहले, तरी दम टिकतो. त्यामुळे पळणाऱ्याला वाटते की आपण पूर्वीसारखे झालो. फसगत होते ती येथेच.

याचे मोठे उदाहरण म्हणजे इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ. २००३ साली लंडनमध्ये तिने २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून जागतिक विक्रम केला होता. मे २००८ मध्ये तिच्या मांडीच्या हाडाला अशीच चीर असल्याचे निघाले आणि ऑगस्टमध्ये तर बीजिंग ऑलिंपिक होते. पायावर भार न देता करता येणारे व्यायाम करून तिने दम राखला. पण पायांना पळण्याची सवय लागण्याइतके दिवसच हाती नव्हते. शर्यतीत पोटरीत पेटके आले आणि ती तेविसावी आली. त्यानंतर अकरा आठवड्यांनी, २ नोव्हेंबरला, तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली! बाई तीच आणि जिद्दही तीच. पायांना मधले दिवस मिळाले, हा फरक मला मोठा वाटतो.

मग पळायला सुरुवात कधी करायची? नडगीच्या साध्या चिरेला सहा ते आठ आठवडे धरून चालावे. चीर नडगीच्या पुढच्या कडेला असेल तर जास्त, आणि ते अस्थिरोगतज्ज्ञांनी ठरवावे. मी तीन गोष्टी पाहतो. दुखऱ्या जागी बोटाने दाबले तर दुखता कामा नये. रोज अर्धा तास भरभर चालणे आठवडाभर विनात्रास जमले पाहिजे. आणि त्या पायावर दहा वेळा लंगडी घालता आली पाहिजे. लहानपणीचा खेळ येथे उपयोगी पडतो! तिन्ही जमले तर मातीच्या मैदानावर एक मिनिट हळू पळणे, चार मिनिटे चालणे, असे अर्धा तास, तेही एक दिवसाआड. पळण्याची मिनिटे हळूहळू वाढवावीत. आधी अंतर वाढवायचे, वेग नंतर. पूर्वीचे निम्मे अंतर निर्धोक होईपर्यंत घड्याळ घरी ठेवावे. ठरावीक जागी पुन्हा दुखले तर त्या दिवशी थांबावे आणि दुखणे गेल्यावर एक पायरी मागून सुरुवात करावी.

वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात उतरणे हा शुद्ध वेडेपणा आहे. दुखणे हा चौकीदार आहे, त्यालाच झोपवून काय साधणार? गरम तेलाने नडगी रगडून घेण्यानेही चीर सांधत नाही. "एक्स-रे चांगला आला" यावरही विसंबू नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर एक्स-रेत बहुधा दिसत नाही. संशय असल्यास एमआरआय करावा लागतो.

धावणाऱ्या मुलींच्या आयांना एक विचारावेसे वाटते. मुलीची पाळी नियमित येते का? वजन कमी राहावे म्हणून ती जेवण तोडते का? पोटात पुरेसे अन्न नसेल तर पाळी बंद होते आणि हाडे ठिसूळ होतात. अशा मुलीला पुन्हा पुन्हा चिरा जातात. नाचणी, दूध, डाळी, शेंगदाणे आणि पोटभर भाकरी हा तिच्या उपचाराचाच भाग आहे.

नडगीचे दुखणे एखादा दिवस थांबू शकते. पण पळताना जांघेत किंवा खुब्यात खोल दुखू लागले आणि पाय टेकला की कळ येत असेल, तर चीर मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेली असू शकते. तसेच पळत राहिल्यास ते हाड मोडून सरकते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. अशा रुग्णाने त्या पायावर भार न देता, कुबडी किंवा कोणाचा तरी आधार घेऊन, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.