पाऊस थोडा कमी, धरण मात्र रिकामे

पावसात वीस टक्के तूट आली की नदीच्या पाण्यातही तेवढीच येईल, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. तापलेली जमीन आधी स्वतः पाणी पिते, मग ते विहिरी-भूजलात मुरते आणि उरलेले ओढ्यानाल्यांतून नदीला मिळते. म्हणून नदीतली तूट पावसातल्या तुटीपेक्षा मोठी असते. नदीवर ओळीने धरणे असली, तर ही सगळी तूट शेवटच्या धरणाच्या वाट्याला येते.

गोदावरीच्या ऊर्ध्व खोऱ्यात हेच घडते. पाऊस कोसळतो सह्याद्रीच्या माथ्यावर, इगतपुरी-त्र्यंबकेश्वरसारख्या भागांत. गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा ही धरणे ते पाणी आधी अडवतात; पैठणच्या जायकवाडीला त्यांनी सोडलेले किंवा सांडव्यावरून वाहिलेले मिळते. २०१५च्या पावसाळ्यात खाली फारसे आलेच नाही. २०१६च्या उन्हाळ्यात जायकवाडीच्या मृतसाठ्यातून पाणी उचलावे लागले.

जायकवाडीची आणखी एक अडचण तिच्या आकारात आहे. जिवंत साठा सुमारे ७७ टीएमसी, पण तिच्या नाथसागर जलाशयाचा पसारा ३५० चौरस किलोमीटरच्या घरात. पूर्ण भरल्यावरही सरासरी खोली जेमतेम आठ मीटर. मराठवाड्याच्या उन्हात अशा उथळ जलाशयातून वर्षाला छत्रपती संभाजीनगरला प्यायला लागते त्याहून कितीतरी जास्त पाणी वाफ होऊन जाते.

राज्याच्या २००५च्या कायद्याने खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरून पाणी सोडायचे, असे त्यानुसार ठरले. तारखेला महत्त्व आहे. ऑक्टोबरमध्ये पात्र ओले असते, पाणी कमी जिरते. वाद कोर्टात रेंगाळून विसर्ग नोव्हेंबर-डिसेंबरवर गेला, की कोरडी वाळू ते पिते आणि काठावरचे पंप उरलेले ओढतात. वाटेतल्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढणे, काठावरची वीज तोडणे हे सगळे ही घट टाळण्यासाठीच. पण उशिराची भरपाई त्याने होत नाही.

दुष्काळात मागणी घटायला हवी, ती वाढते. विहिरी आटल्या की सगळ्यांचे डोळे कालव्याच्या आवर्तनाकडे लागतात, आणि बारमाही ऊस तर मध्येच सोडता येत नाही. तो वरच्या लाभक्षेत्रात आहे, तसाच जायकवाडीच्याही. त्यामुळे नाशिक-अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा ही भांडणाची मांडणी मला अपुरी वाटते. ऑक्टोबरमधला साठा पाहून त्या वर्षी नवा ऊस किती लावायचा, हे वर आणि खाली दोन्हीकडे एकाच नियमाने ठरवले पाहिजे. लागण झाल्यावर घातलेले निर्बंध शेतकऱ्याला बुडवतात. ते लागणीआधीच जाहीर करा.