पावाचा तुकडा

एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. अकरा वर्षं त्या शुभवर्तमान वाचतात. पुस्तक तांदळाच्या डब्यात, तळाशी, जुन्या पोलक्याच्या कापडात गुंडाळलेलं असतं. त्या विचारतात, मनात श्रद्धा आहे ना, मग चारचौघांत सांगायलाच हवं का?

मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी तरुणपणी याच पेचात होते. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर यांनी परमहंस सभा काढली, तिचे तेही सभासद. जात मोडायची, पण बाहेर कळू न देता. दारं लावून बैठक भरायची आणि नव्या माणसानं ख्रिस्ती भटारखान्यातल्या पावाचा तुकडा खायचा. आज पाव आपण चहात बुडवतो. तेव्हा त्या तुकड्यापायी घर तुटायचं.

घर तुटायचं म्हणजे काय, ते श्रीपत शेषाद्रीला विचारावं. १८४३ मध्ये थोरल्या भावानं, नारायणानं, बाप्तिस्मा घेतला. श्रीपतचा झाला नव्हता. तो पोर फक्त मिशनऱ्यांकडे राहिला, जेवला. कोर्टानं त्याला वडिलांच्या हवाली केलं, तरी प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं की नाही यावर रण माजलं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले, तर त्यांनाही लोकांची बोलणी खावी लागली. पोराच्या मनात काय आहे, याची फारशी कुणाला पडलीच नव्हती. कुणाच्या पंक्तीला बसला, एवढाच सवाल.

म्हणून परमहंसांना भित्रे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लोक काय म्हणतील, यातले लोक परके थोडेच असतात! ताट वाढणारी आई असते, ठरत आलेलं बहिणीचं लग्न असतं. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार म्हणताच सभा विस्कटली.

पदमनजी त्याआधीच बाहेर पडले होते. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो बेळगावात, आपल्या जन्मगावी. गर्दीत हरवून जाता येईल अशा मुंबईत नव्हे. जिथे लहानपणापासून ओळखणारी माणसं होती, तिथे. मला त्यांच्या साऱ्या ग्रंथांहून हे मोठं वाटतं. तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली. त्यातली यमुनाही आधी मनातल्या मनातच ख्रिस्ताला मानते. ती घुसमट त्यांना कल्पनेनं रचावी लागली नसणार.

भगिनींच्या पत्राला ताजा कलम आहे. गेल्या महिन्यात डबा सासूबाईंनी भरला. रात्री भगिनींनी धडधडत्या छातीनं हात घातला, तर पुस्तक जागच्या जागी होतं. वरचं कापड तेवढं धुतलेलं होतं.