उष्टावणानंतरची वाटी

उष्टावणाचा समारंभ घरोघरी मोठ्या हौसेने होतो. चांदीची वाटी, तांदळाची खीर, मामाची मांडी आणि मग छायाचित्रे. मुलाचे उष्टावण सहाव्या वा आठव्या महिन्यात आणि मुलीचे पाचव्या वा सातव्या महिन्यात करण्याचा रिवाज अनेक घरांत आजही पाळला जातो. बाळाच्या पोटाला मात्र हा भेद ठाऊक नसतो. मुलगा असो वा मुलगी, सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचे अन्न, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे.

यामागे लोहाचा हिशेब आहे. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मताना लोहाची ठेव सोबत घेऊन येते. आईच्या दुधातून त्यात पडणारी भर अल्प असते आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास ठेव सरत येते. नेमक्या याच वेळी अनेक घरांत वरणाचे पाणी आणि पेज सुरू होते. पोट भरल्यासारखे दिसते, खात्यात मात्र फारसे काही जमा होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात याच वयापासून आठवड्यातून दोनदा एक मिलिलीटर लोहाचे पातळ औषध दिले जाते. आशाताईंकडे त्याची चौकशी अवश्य करावी.

अन्न चमचा तिरका केल्याबरोबर ओघळू नये, इतके दाट असावे. प्रारंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा पुरेसे होते. बटाटा-गाजर वर्ज्य असलेल्या घरात बाळाला काय भरवायचे, अशी शंका नव्या आईला येते. ती निराधार आहे. मूगडाळीची मऊ खिचडी, नाचणीचे सत्त्व, लाल भोपळा, केळे, पपई आणि वर चमचाभर तूप. चातुर्मासात पालेभाजी बंद असली तरी डाळी असतातच. डाळीवर लिंबाचे दोन थेंब पिळले की लोह अधिक शोषले जाते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात बाळाचे जेवण दिवसा सहज आटोपते. रात्रीचे अंगावरचे दूध मात्र थांबवायचे नाही. मीठ, साखर आणि गूळ वर्षभर नकोत. जैन घरांत मध वर्ज्यच असतो, आणि वैद्यकशास्त्रही एक वर्षाच्या आत तो निषिद्ध मानते.

शाकाहारी घराने एका बाबतीत मात्र अधिक सावध राहावे. ब-१२ जीवनसत्त्व धान्य-भाज्यांतून मिळत नाही. ते दूध, दही, ताक यांतून मिळते. गर्भारपणात दूध नकोसे झालेल्या आईच्या शरीरात त्याची कमतरता असेल, तर ती बाळापर्यंत पोहोचते. मग बाळ मलूल होते, हसेनासे होते, आलेली मान पुन्हा सैल पडते, हातपाय थरथरतात, बोटांच्या पेरांवर काळसरपणा येतो. असे बाळ कित्येकदा गुटगुटीतच दिसते, आणि म्हणूनच घरातील वडीलधारी मंडळी ‘नजर लागली’ म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळत बसतात. हे दिवस मोलाचे असतात. वेळेवर उपचार झाल्यास सुधारणा लवकर दिसते. विलंबाने मेंदूची हानी कायमची राहू शकते. अशा वेळी आई व बाळ दोघांच्याही रक्ताची तपासणी करून घ्यावी.

हेच वय कुशीवर वळण्याचे. काल ठेवले तिथेच राहणारे बाळ आज पलंगाच्या कडेला पोहोचते. भोवती उशा रचून ते थांबत नाही, आणि झोपेत त्याच उशांनी त्याचा श्वास कोंडण्याचे भय असते. त्यापेक्षा जमिनीवरची टणक गादी बरी. बाळ मांडीवर असताना हातात चहाचा कप नको. दुपट्याला सेफ्टी पिन लावू नये. डोळ्यांत काजळ घालू नये. त्यात शिसे असू शकते. नाका-कानांत तेलही सोडू नये. शेंगदाणे, फुटाणे आणि रिमोटमधील नाण्यासारखी चपटी बॅटरी हाताबाहेर ठेवावी. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी शौचावाटे पडण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण ती अन्ननलिका काही तासांतच जाळते. आणि आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांची डबी, जी बहुधा उशाशीच असते, ती आता कपाटाच्या वरच्या खणात जायला हवी.