न थरथरणारा कर्णा

ज्या स्पीकरात काहीच हलत नाही, त्याचं वेड मला बऱ्याच वर्षांपासून आहे. चुंबक नाही, कॉइल नाही, पडदा नाही. अतिशय पातळ वाहक पत्र्यातून आवाजाचा विद्युतप्रवाह सोडायचा. पत्रा क्षणात तापतो, क्षणात निवतो, त्याला लागून असलेली हवा फुगते, आकसते आणि ऐकू येऊ लागतं. याचं नाव थर्मोफोन.

२००८ साली बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातल्या शौशान फान, काईली च्यांग आणि सहकाऱ्यांनी ‘नॅनो लेटर्स’मध्ये कार्बन नॅनोट्यूबच्या पारदर्शक फिल्मचा स्पीकर मांडला. झेंड्यावर बसवलेली फिल्म फडकता फडकता गात होती. ताणली तरी वाजे, थोडी फाटली तरी वाजे. छिंगह्वा आणि फॉक्सकॉन म्हणून ओळखली जाणारी होन हाय कंपनी यांनी तिच्यावर पेटंटांची रांगच लावली. पण या शोधातलं अस्सल डोकं मला सापडलं ते जुलै १९१७च्या ‘फिजिकल रिव्ह्यू’त.

हॅरॉल्ड आर्नल्ड आणि अर्व्हिंग क्रँडल हे अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या संशोधन विभागातले. त्यांच्या पत्र्यात प्लॅटिनम होतं, जाडी सुमारे ७०० नॅनोमीटर. त्याआधी डे लांगे यांनी थर्मोफोनकडे कानाला लावायचं टेलिफोनचं यंत्र म्हणून पाहिलं होतं. आर्नल्ड-क्रँडल यांना त्याच्याकडून गाणं-बोलणं नकोच होतं. त्यांना हवा होता असा आवाज, ज्याची ताकद कागदावर गणिताने काढता येईल. अडचण खरी होती: मायक्रोफोन तपासायचा तर ठाऊक ताकदीचा आवाज हवा, आणि आवाजाची ताकद ठरवायची तर तपासलेला मायक्रोफोन हवा. थर्मोफोनने हे चक्र तोडलं. प्रवाह, पत्र्याची उष्णताधारकता आणि हवेचे गुणधर्म माहीत असले की आवाज किती, हे आधीच सांगता येतं.

त्यांचा निबंध पान ३८वर संपतो. त्याच अंकात पान ३९वर एडवर्ड वेंटे यांचा कंडेन्सर मायक्रोफोन सुरू होतो, पुढे स्टुडिओंमध्ये मानाने मिरवलेला. माझ्या मते ही दोन पानं ध्वनिशास्त्राच्या इतिहासातली सर्वांत भाग्यवान शेजारी आहेत.

मग थर्मोफोन मागे का पडला? प्लॅटिनम जड पडलं. पत्र्याची उष्णताधारकता जितकी कमी तितका आवाज मोठा, हे सूत्र आर्नल्ड-क्रँडल यांनीच दिलं होतं. त्यांच्या पत्र्याची चौरस मीटरमागे उष्णताधारकता सुमारे २ ज्यूल प्रति केल्व्हिन. छिंगह्वाच्या फिल्मची ०.००७७. म्हणजे साधारण २६० पट कमी. गंमत अशी की इतक्या पातळ फिल्मसाठी जुनं सूत्र जरा जास्तच आवाज सांगू लागलं. तेव्हा चिनी गटाने फिल्म आणि हवेतली उष्णतेची देवाणघेवाण त्यात घातली. यात कुणाला १९१७चा पराभव दिसला तर दिसो. नव्वद वर्षांनी दुरुस्ती लागणारं सूत्र म्हणजे उत्तमच सूत्र.

दोष मात्र जुनाच राहिला. प्रवाह कोणत्याही दिशेने जावो, पत्रा तापतोच. म्हणून एका आवर्तनात तो दोनदा तापतो. ४४० हर्ट्झचा सूर ८८०चा होऊन एक सप्तक वर चढतो, आणि सूर एकत्र आले की गाण्याची वाट लागते. उपाय म्हणून सतत एकदिश प्रवाह जोडावा लागतो, आणि त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. एरवीही बहुतेक वीज नुसती तापण्यातच जाते. त्यामुळे भिंतीवर चिकटवलेल्या कागदी स्पीकरचं स्वप्न (२०११मध्ये ग्राफीन खरोखरच कागदावर वाजलं) मला काही पटत नाही.

थर्मोफोनचं बळ दुसरीकडे आहे. कंप पावणारा भागच नसल्याने त्याला स्वतःचा ठरावीक सूर नसतो, त्यामुळे क्षणिक आवाजही स्वच्छ उमटतो. हे जपानी संशोधकांनी नेमकं हेरलं. शिनोदा, कोशिदा आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये ‘नेचर’मध्ये सच्छिद्र सिलिकॉनवरच्या अतिपातळ ॲल्युमिनियमच्या थरातून माणसाला ऐकू न येणारे उच्च कंप्रतेचे ध्वनी काढून दाखवले, आणि २००६ साली त्याच जातीच्या उपकरणाने उंदराच्या पिल्लांची आईला मारलेली हाक पुन्हा वाजवण्यात आली.