परमुलखातले आजारपण (लेखांक ५) : मर्सिडचे ह्मोंग

ह्मोंग हे मूळचे लाओसच्या डोंगरांतले शेतकरी. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएने उभारलेल्या गुप्त फौजेत त्यांच्यातले हजारो जण लढले. १९७५ मध्ये लाओसात कम्युनिस्टांची सत्ता आली आणि जीव वाचवायला ते मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत शिरले. तिथून अनेक कुटुंबे अमेरिकेत गेली. त्यांतली बरीच कॅलिफोर्नियातल्या मर्सिड या शेतीच्या मुलखात स्थिरावली.

ह्मोंग समजुतीप्रमाणे माणसाला एकाहून अधिक आत्मे असतात. एखादा दचकून निघून गेला की दुखणे येते. त्याला बोलावून आणायचे काम शामनचे. आपल्याकडच्या भगताच्या जातकुळीतला हा माणूस. काढलेले रक्त भरून येत नाही, भूल दिली की आत्मा भरकटतो, असे मानणारेही पुष्कळ. त्यामुळे तपासणीच्या साध्या सुईचीही घरच्यांना धास्ती.

मर्सिडमध्ये १९८२ साली जन्मलेल्या एका ह्मोंग मुलीला तान्हेपणीच फेफरे येऊ लागले. पहिल्या दोन खेपांना दवाखाना गाठेपर्यंत झटका ओसरलेला होता. दुभाषा नव्हता, आईवडिलांना काय घडले ते सांगता आले नाही, आणि खोकला पाहून छातीचे औषध देऊन त्यांची बोळवण झाली. पुढे निदान झाले. पण चार वर्षांच्या आत औषधे वीसहून अधिक वेळा बदलली गेली, आणि आईवडिलांना कोणतीच भाषा वाचता येत नव्हती. डोस चुकत गेले. डॉक्टरांना तो हट्ट वाटला. मुलीला काही काळ कोर्टाच्या हुकमाने दुसऱ्या कुटुंबात ठेवले गेले. १९८६ मध्ये मोठा झटका आला आणि तिची जाणीव कायमची हरपली. अ‍ॅन फॅडिमन यांचे या प्रकरणावरचे १९९७ चे पुस्तक अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना वाचायला लावतात. त्यावर बोलताना चर्चा आत्म्यांचीच जास्त होते. पहिला घोटाळा मात्र भाषेचा होता.

दुभाषा नसला की शाळकरी पोरांनाच मध्ये उभे करण्याची रीत होती. आईच्या पाळीबद्दल दहा वर्षांच्या मुलाने डॉक्टरांशी काय बोलावे? लाजेपोटी निम्मे गाळले जाते. तातडीची वेळ सोडून अल्पवयीन मुलांना दुभाषा करू नये, हा नियम सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना २०१६ मध्ये लागू झाला.

मर्सिडच्या मर्सी मेडिकल सेंटरने २००९ च्या सुमारास शामनांसाठी धोरणच केले. पाद्र्यांप्रमाणे त्यांनाही रुग्णापाशी मुक्त प्रवेश मिळाला. भरतकामाचे जाकीट आणि गळ्यात रुग्णालयाचे ओळखपत्र, अशा थाटात ते वॉर्डात येऊ लागले. नऊ विधींना मुभा मिळाली. आत्म्याला साद घालणे आणि हळू आवाजातले मंत्र त्यांत आले. घंटानादाला रुग्णालयाची वेगळी परवानगी लागे. कोंबडी-डुकराचा बळी मात्र घरी. त्याआधी शामनांना सात आठवड्यांचे प्रशिक्षण होते, त्यात त्यांना सूक्ष्मदर्शकातून पाहायलाही मिळाले. शामनांना असे सामावून घेण्यामागचे कारण व्यवहाराचे होते. दुखणे अंगावर काढून अगदी शेवटी येणारा रुग्ण डॉक्टरांआधी शामनकडे जातो. त्यानेच लवकर रुग्णालयात धाडले तर उपचाराला वेळ मिळतो.