दिवेलागण आणि घरातला उजेड



सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद! पण टीव्ही बंद केल्यावर मुलांना घरात बसावंसं वाटायला हवं ना? त्यासाठी उजेडाकडे बघूया.

बहुतेक घरांत एकच पांढरी ट्यूब असते. तिचा उजेड थेट डोळ्यांवर येतो, खोली रुक्ष वाटते. सातारा जिल्ह्यात वाईकडच्या जुन्या वाड्यांत जाड भिंतींना कोनाडे असत. कोनाड्यातल्या दिव्याचा उजेड भिंतीवरून सौम्य होऊन पसरायचा. आपणही छोटा दिवा खाली, भिंतीकडे तोंड करून ठेवावा. बल्ब घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा बघा : २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे पांढराशुभ्र.

मात्र मंद उजेडात अभ्यास नको. वहीसाठी वेगळा दिवा हवा. मूल उजव्या हाताने लिहीत असेल तर तो डावीकडे, डावखुरं असेल तर उजवीकडे ठेवा. अक्षरांवर हाताची सावली पडत नाही. बाकी खोलीही अंधारी ठेवू नका.

अभ्यास संपला की पांढरा दिवा बंद, पिवळा चालू. रात्रीच्या प्रखर पांढऱ्या उजेडाने झोप लांबते, आणि सकाळी वर्गात जांभया देणारं मूल आपल्यालाच भेटतं.

उपक्रम : आज मुलांनाच विचारा, घरात दिवा कुठे ठेवूया?